नळपाणी योजनेचा संकल्पन अहवाल कसा तयार करावा

गावाच्या नळपाणीपुरवठा योजनेसाठी जी कागदपत्रे तयार होतात, त्यांत अंदाजपत्रकाकडे सर्वांचे लक्ष असते आणि संकल्पन (डिझाइन) अहवालाकडे जवळजवळ कोणाचेच नसते. अंदाजपत्रक योजनेला किती खर्च येईल हे सांगते. टाकी एवढ्याच क्षमतेची का, नळी याच व्यासाची का आणि विहीर याच ओढ्याकाठी का, या प्रश्नांची उत्तरे मात्र संकल्पन अहवालात असावी लागतात. ती उत्तरे लेखी नसली, तर पाच वर्षांनी वरच्या आळीला पाणी चढेनासे झाल्यावर चूक गणितात होती, कामात होती की वापरात, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून या अहवालाचे मूल्य त्यातल्या आकड्यांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, त्या आकड्यांमागच्या कारणांत असते.

पुढील विवेचनासाठी एक नमुना गाव धरू. त्याची लोकसंख्या १९९१ मध्ये १,६००, २००१ मध्ये १,८५० आणि २०११ मध्ये २,०८० होती, आणि योजना २०२६ मध्ये सुरू व्हायची आहे. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. आपल्या गावाचे आकडे आपण भरावेत.

अहवाल कोण वाचणार, हे आधी ठरवावे

तांत्रिक मान्यता देणारा अभियंता हा या अहवालाचा पहिला वाचक असला तरी एकमेव वाचक नसतो. ठेकेदार तो वाचतो, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती वाचते, रोज पंप सुरू करणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यातली काही पाने लागतात, आणि दहा वर्षांनी नवी वस्ती जोडण्यासाठी येणाऱ्या अभियंत्याला तो पूर्ण लागतो. त्यामुळे सुरुवातीची दोन पाने साध्या मराठीत, सूत्रांशिवाय लिहावीत. गावाला रोज किती पाणी मिळणार, ते कुठून येणार, किती वेळ येणार, कोणत्या वाड्या योजनेत आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, एवढे त्यात स्पष्ट असावे. ही पाने ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवता आली पाहिजेत. एखादी वस्ती वगळली असेल तर ती याच पानांवर नावानिशी लिहावी, कारण पुढचे बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

उद्भवाचे, म्हणजे पाण्याच्या स्रोताचे, प्रकरण सर्वांत आधी आणि सर्वांत सविस्तर

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्टच्या कातळावर वसलेला आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगा-सांध्यांत. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये काठोकाठ भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवू शकते. पावसाळ्यानंतर घेतलेल्या क्षमता चाचणीवर योजना उभी करणे हा या कामातला सर्वांत महागडा दोष आहे, आणि तो नंतर कोणत्याही दुरुस्तीने निघत नाही. चाचणी एप्रिल-मे महिन्यांतच घ्यावी आणि अहवालात तिची तारीख, सुरुवातीची पाणीपातळी, उपसा किती तास व कोणत्या वेगाने केला, आणि पाणी परत चढायला किती वेळ लागला, या सर्व नोंदी द्याव्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा दाखला सोबत जोडावाच, परंतु चाचणीच्या मूळ नोंदींची जागा दाखल्याला देऊ नये.

चाचणीचे गणित सोपे आहे. विहीर ६ मीटर व्यासाची असेल तर पाणी १ मीटर चढणे म्हणजे सुमारे २८,३०० लिटर पाणी येणे होय. एवढे चढायला ५ तास लागत असतील, तर चोवीस तासांत जास्तीत जास्त १ लाख ३६ हजार लिटर मिळतील, आणि तेही विहिरीतली पातळी खालीच ठेवली तर, कारण पातळी वर येऊ लागली की झऱ्यांचा वेग मंदावतो. आपल्या नमुना गावाची २०४१ मधली रोजची गरज पुढे काढल्याप्रमाणे १ लाख ८१ हजार लिटर आहे, म्हणजे ही एक विहीर उन्हाळ्यात सुमारे ४५ हजार लिटरांनी तोकडी पडते. असे आढळल्यावर अहवालाने गप्प बसू नये. दुसरी विहीर, आडवे बोअर, ओढ्यावर बंधारा बांधून पुनर्भरण, किंवा उन्हाळ्यातले अडीच महिने कमी पुरवठा, यांपैकी काय निवडले आणि त्याचा परिणाम काय होईल, हे तिथेच लिहावे.

गुणवत्तेसाठी आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आधारभूत आहे. त्यानुसार फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा उद्भव नसेल तेव्हा १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट मिळते; नायट्रेटला मात्र ४५ मिलिग्रॅमच्या वर सूटच नाही. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे, तर अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात क्षारांचा. अशा भागांत एकाच नमुन्यावर विसंबू नये. पावसाळ्यापूर्वीचा आणि पावसाळ्यानंतरचा असे किमान दोन अहवाल जोडावेत.

उद्भवाच्या जागेचा सात-बारा उतारा, बक्षीसपत्र किंवा संमतीपत्र याच प्रकरणात असावे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर राज्याच्या १९९३ च्या भूजल अधिनियमाने बंधन घातले होते आणि २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने पुढे त्याची जागा घेतली. त्यामुळे प्रस्तावित उद्भवाभोवती या अंतरात आज कोणकोणत्या विहिरी आणि विंधनविहिरी आहेत, याचा नकाशा काढून ठेवावा. पुढे कोणी शेजारी खोल बोअर घेतले, तर आधी काय होते याचा पुरावा म्हणून हाच नकाशा उपयोगी पडतो.

लोकसंख्या आणि मागणी

नमुना गावात दर दशकाची वाढ २५० आणि २३० आहे, म्हणजे सरासरी २४०. अंकगणिती पद्धतीने, म्हणजे दर दशकाला तेवढीच माणसे वाढतील असे धरून, २०२६ ची लोकसंख्या २,४४०, २०४१ ची २,८०० आणि २०५६ ची ३,१६० येते. भूमितीय पद्धत वापरली, म्हणजे दर दशकाला तेवढ्याच टक्क्यांनी वाढ धरली, तर २०५६ ची लोकसंख्या सुमारे ३,७५० होते. सहाशे माणसांचा हा फरक केवळ पद्धतीमुळे पडतो. दोन्ही आकडे अहवालात द्यावेत आणि निवड करताना गावाची परिस्थिती सांगावी. वाढीचा वेग मंदावत असलेल्या, रोजगारासाठी पुण्या-मुंबईकडे माणसे जाणाऱ्या गावाला अंकगणिती पद्धत पुरेशी आहे. शेजारी औद्योगिक वसाहत येऊ घातली असेल तर ती तोकडी पडेल. जनगणनेचा आकडा जुना झालेला असल्याने ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीतली आजची घरांची संख्या मोजून ताळा घ्यावा. हंगामी स्थलांतर, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, शाळा, आश्रमशाळा आणि यात्रेचे दिवस यांची नोंद स्वतंत्र परिच्छेदात करावी.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठरवले आहे. हे पाणी घरच्या नळाला मिळायचे असते, उद्भवापाशी नव्हे. म्हणून गळती धरताना पुष्कळांकडून होणारी गफलत टाळावी. पाठवलेल्या पाण्यापैकी १५ टक्के वाटेत जाणार असेल, तर निव्वळ मागणीत १५ टक्के मिळवून भागत नाही, तिला ०.८५ ने भागावे लागते. २०४१ साठी २,८०० गुणिले ५५ म्हणजे १,५४,००० लिटर, आणि भागिले ०.८५ म्हणजे सुमारे १,८१,००० लिटर. २०५६ साठी हाच आकडा सुमारे २,०४,५०० लिटर येतो. जनावरांच्या पाण्याचे काय, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत निघतो. ५५ लिटरांत जनावरे धरलेली नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी जुना आड, हातपंप किंवा हौद चालू ठेवणार असाल तर तसे लिहावे. दुष्काळी तालुक्यात हा परिच्छेद वगळणे म्हणजे गावाच्या खऱ्या वापराकडे डोळेझाक करणे होय.

कोणते उपांग किती वर्षांसाठी हेही इथेच स्पष्ट करावे. सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या पाणीपुरवठाविषयक तांत्रिक संस्थेच्या १९९९ च्या नियमावलीप्रमाणे पंप, मोटर आणि जलकुंभ १५ वर्षांसाठी, तर वाहिन्या आणि वितरण व्यवस्था ३० वर्षांसाठी धरतात. २०२४ मध्ये या नियमावलीची सुधारित आवृत्ती आली आहे, त्यामुळे आपण कोणत्या आवृत्तीचे निकष वापरले ते नमूद करावे; एकाच अहवालात दोन आवृत्त्यांची सरमिसळ करू नये.

पंप आणि ऊर्ध्ववाहिनी यांचा विचार एकत्र करावा

पंपिंगचे तास हे पहिले गृहीतक. गावात थ्री-फेज वीज प्रत्यक्ष किती तास आणि कोणत्या वेळी असते, हे महावितरणच्या वेळापत्रकावरून आणि शेतकऱ्यांना विचारून लिहावे. नमुना गावात ८ तास धरले तर २०४१ साठी तासाला सुमारे २२,६५० लिटर, म्हणजे सेकंदाला ६.२९ लिटर पाणी उचलावे लागते. समजा उन्हाळ्यातल्या किमान पाणीपातळीपासून टाकीत पाणी पडण्याच्या तोंडापर्यंत तलांकांचा, म्हणजे उंचीचा, फरक ४१ मीटर आहे आणि ऊर्ध्ववाहिनी (पंपापासून टाकीपर्यंत पाणी चढवणारी नळी) १,२०० मीटर लांब आहे. नळीचा आतील व्यास १०० मिलिमीटर असेल, तर हेझन-विल्यम्स सूत्रात प्लॅस्टिक नळीसाठी १४५ हा गुणांक घेऊन घर्षणव्यय, म्हणजे नळीतल्या घर्षणामुळे पंपाला जास्तीची द्यावी लागणारी उंची, सुमारे ८ मीटर येतो. व्यास ८० मिलिमीटर केला की तोच व्यय २३ मीटरांच्या वर जातो, कारण व्यास कमी होईल तसा तो जवळजवळ पाचव्या घाताने वाढतो.

इतर किरकोळ व्यय धरून पहिल्या पर्यायात एकूण हेड (पंपाने पाणी चढवायची एकूण उंची) ५१ मीटर आणि दुसऱ्यात ६७ मीटर होते. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर पहिल्या पर्यायाला अक्षावर सुमारे ७ अश्वशक्ती लागते आणि दुसऱ्याला सव्वानऊ. मोटरची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास दोन्ही पर्यायांत रोज सुमारे १५ युनिटांचा, म्हणजे वर्षाला साडेपाच हजारांहून अधिक युनिटांचा फरक पडतो. बारीक नळी घेऊन अंदाजपत्रक एकदाच कमी होते, वीजबिल मात्र ग्रामपंचायत दर महिन्याला भरते. म्हणूनच किमान तीन व्यासांची तुलना, नळीची किंमत आणि पंधरा वर्षांच्या विजेची आजची किंमत यांच्या बेरजेसह, अहवालात असलीच पाहिजे. ही तुलना नसलेल्या अहवालाला तांत्रिक मान्यता मिळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नळी बाजारात बाहेरील व्यासाने ओळखली जाते आणि गणित आतील व्यासाने होते. ११० मिलिमीटरची एचडीपीई (प्लॅस्टिकची) नळी दाबाच्या बहुतेक वर्गांत आतून शंभरहून कमी भरते, त्यामुळे वर्ग आणि भिंतीची जाडी लिहून खरा आतील व्यास सूत्रात घालावा. मोटर निवडताना ७ अश्वशक्तीच्या गरजेसाठी साडेसातची घेतली तर उरणारी सवड फारच थोडी आहे. गावात व्होल्टेज कमी असते का, उन्हाळ्यात पाणीपातळी गृहीत धरल्यापेक्षा खाली जाते का, हे पाहून साडेसात की दहा ते ठरवावे आणि कारण नोंदवावे. वाहिनीच्या उंचवट्यांवर हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह, खोलगट जागी गाळ काढण्यासाठी वॉश-आउट आणि पंपापाशी पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हे आराखड्यावर साखळी अंतरासह (वाहिनीच्या सुरुवातीपासूनच्या अंतरासह) दाखवावेत.

टाकीची क्षमता वेळापत्रकावरून काढावी

रोजच्या मागणीच्या निम्मी किंवा एक तृतीयांश टाकी, असा ठोकताळा सर्रास वापरला जातो. तो कधी बरोबर ठरतो आणि कधी साफ चुकतो, कारण टाकीत किती पाणी साठवावे लागेल हे पंप चालण्याच्या आणि नळ सुटण्याच्या वेळांवर अवलंबून असते. पंप पहाटे ४ ते ८ आणि दुपारी ४ ते ८ असा चालला आणि नळ दोन्ही वेळा ६ ते ८ सुटले, तर दिवसाच्या पाण्याच्या केवळ पाव हिश्श्याचा साठा पुरतो. तोच पंप रात्री १० ते सकाळी ६ चालला आणि पाणी सहानंतर सुटले, तर दिवसाचे सगळे पाणी, म्हणजे १ लाख ८१ हजार लिटर, टाकीत मावले पाहिजे. गाव तेच, मागणी तीच, आणि टाकी चौपट. ग्रामीण भागात तीन फेजची वीज आठवड्यागणिक दिवसा आणि रात्री अशी बदलत असेल, तर वाईटात वाईट वेळापत्रक धरून तासातासाचा तक्ता मांडावा आणि त्यावरून क्षमता ठरवावी. एक्स्प्रेस फीडरची (योजनेसाठीच्या स्वतंत्र वीजवाहिनीची) किंवा सौर पंपाची तरतूद असेल तर तक्ता बदलतो. तोही पर्याय खर्चासह दाखवावा.

टाकीची उंची सर्वांत उंच आणि सर्वांत दूरच्या घरावरून ठरते. १९९९ च्या नियमावलीत एकमजली घरांसाठी ७ मीटर आणि दुमजली घरांसाठी १२ मीटर शिल्लक दाब सांगितला आहे. त्यासाठी गावाची पातळी मोजणी हवी. वितरण नलिकेच्या प्रत्येक फाट्याचा तलांक घेतलेला असावा, आणि ज्या कायम खुणेवरून मोजणी सुरू केली ती खूण, उदाहरणार्थ शाळेच्या पायरीची कड, छायाचित्रासह अहवालात द्यावी.

वितरण व्यवस्था

इथे एकच गोष्ट जोर देऊन सांगावीशी वाटते. लहान गावासाठी कमाल मागणीचा गुणांक ३ घेतात. २०५६ ची सरासरी मागणी सेकंदाला २.३७ लिटर आहे, तिची तिप्पट ७.१ लिटर होते. परंतु पाणी दिवसातून फक्त ४ तासच सुटणार असेल, तर सगळ्या गावाचे पाणी त्या चार तासांत नळ्यांतून जायचे असते आणि प्रवाह १४.२ लिटर होतो, म्हणजे गुणांकाने काढलेल्याच्या नेमका दुप्पट. ३ चा गुणांक घेऊन आखलेली आणि ४ तास चालवलेली योजना टोकाच्या घरांना पाणी देऊ शकत नाही. तेव्हा पुरवठ्याचे तास आधी ठरवावेत, ते पहिल्या दोन पानांत लिहावेत आणि त्यावरच नलिकांचे गणित करावे. प्रत्येक झोनला पाणी सोडण्या-बंद करण्यासाठी स्वतंत्र स्लुइस व्हॉल्व्ह असावा आणि त्याचा क्रमांक नकाशावर व प्रत्यक्ष जागेवर सारखाच असावा.

गृहीतके आणि निर्णय यांची नोंद

अहवालाच्या मध्यावर एक तक्ता असावा. त्यात गृहीतक, त्याचा आधार, ते कोणी आणि केव्हा तपासले, आणि ते चुकले तर कोणते उपांग बदलावे लागेल, असे चार रकाने पुरेत. उदाहरणार्थ, “पंपिंग ८ तास, आधार फीडरचे वेळापत्रक, प्रत्यक्ष ६ तासच वीज मिळाल्यास रोज सुमारे ४५ हजार लिटरांची तूट, मोठा पंप आणि नळीची फेरतपासणी आवश्यक.” याच्याखाली नाकारलेले पर्याय लिहावेत. धरणाच्या जलाशयातून पाणी का घेतले नाही, प्रादेशिक योजनेत सामील का झालो नाही, जुनी टाकी का पाडली किंवा का ठेवली, हे दोन-तीन ओळींत सांगावे. जुनी टाकी ठेवायची असेल तर तिच्या काँक्रीटच्या तपासणीचा अहवाल जोडावा. “टाकी सुस्थितीत आहे” एवढे वाक्य पुरेसे नाही.

चालवण्याचा खर्च

हे प्रकरण बहुधा कोरे राहते, आणि योजना बंद पडण्याचे कारण बहुधा इथेच असते. २०२६ मध्ये नमुना गावाला सुमारे १ लाख ५८ हजार लिटर पाणी लागेल, त्यासाठी पंप सात तास चालेल आणि रोज ४३ युनिट वीज लागेल. घरटी पाच माणसे धरल्यास सुमारे ४९० घरांत ही वीज घरामागे वर्षाला ३२ युनिट पडते. ८० मिलिमीटरची नळी घातली असती तर ती ४२ झाली असती. ग्रामपंचायतीच्या चालू बिलावरचा दर आणि स्थिर आकार घालून रक्कम काढावी. निर्जंतुकीकरणासाठी लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीनची मात्रा धरली आणि साठवणुकीत मुरलेल्या ब्लीचिंग पावडरमध्ये २५ टक्केच क्लोरीन उरले असे मानले, तर रोज सव्वा किलो पावडर लागते. शेवटच्या घरी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन मिळते का, यावरून मात्रा कमी-जास्त करावी. कर्मचाऱ्याचे मानधन, गळती दुरुस्ती आणि पंप बदलण्यासाठीची वार्षिक तरतूद मिळवून येणारी रक्कम वसूल होऊ शकणाऱ्या घरांनी भागावी, सर्व घरांनी नव्हे. अशी निघालेली पाणीपट्टी ग्रामसभेपुढे कामाचा आदेश निघण्याआधी ठेवावी आणि तिचा ठराव अहवालाला जोडावा.

आवृत्ती आणि अंतिम प्रत

प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख असावी. उद्भव बदलला, वाडी वाढली किंवा नळीचा प्रकार बदलला, तर फक्त अंदाजपत्रक दुरुस्त न करता अहवालाचीही नवी आवृत्ती काढावी आणि पहिल्याच पानावर काय व का बदलले ते दोन ओळींत लिहावे. काम पूर्ण झाल्यावर नळ्या प्रत्यक्षात जिथून गेल्या तो नकाशा, खोलीसह आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन पक्क्या खुणांपासूनच्या अंतरांसह, परिशिष्ट म्हणून जोडावा; पंपाच्या पाटीवरचे तपशील आणि पहिल्या दिवशी मोजलेला प्रवाहही त्यात लिहावा. या अंतिम प्रतीचा एक संच ग्रामपंचायतीच्या दप्तरात, एक जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात, आणि नकाशा व वेळापत्रकाची पाने प्लॅस्टिकच्या आवरणात घालून पंपगृहाच्या भिंतीवर लावावीत.